गिटारीला इस्त्री

आधीच सांगून टाकते, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. राग म्हटलं की मला फक्त माझाच राग ठाऊक, आणि तो आमच्या आळीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण एका माणसाच्या हाताच्या बाबतीत माझ्याशी कुणी पैज लावू नये. रेकॉर्ड कुठलीही असो, गाणारा कुणीही असो, मागे तो गिटार वाजवत असेल तर मी दोन सुरांत सांगते की हा तोच. तो नसेल तर तेही सांगते, आणि गाणं बंद करून भाजी निवडायला बसते.

माझ्या वडिलांचा घोडेगावात लाउडस्पीकरचा धंदा होता. एप्रिलात जयंती, मे महिन्यात लग्नं, मधूनच एखादी निवडणूक. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायची पेटी आणि पत्र्याची ट्रंक भरून रेकॉर्डी. वडील कर्णा बांधायला झाडावर चढत आणि खाली रेकॉर्ड बदलायचं काम माझ्याकडे. रेकॉर्डी सगळ्या आपल्याकडच्याच. भीमगीतं, हळदीची गाणी, नवऱ्याला टोमणे मारणारी गाणी. ढोलकी असायची, पेटी असायची, आणि दोन कडव्यांच्या मधल्या फटीतून ही गिटार यायची.

साधी, गळ्यात अडकवायची गिटार नव्हे. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाची कांडी सरकवत वाजवतात ती. तिचा सूर तुटत नाही, घसरत जातो. आणि या माणसाची खोड अशी की तो सुरावर थेट कधी जायचाच नाही. खालून सरकत यायचा, अगदी जवळ यायचा आणि तसूभर थांबायचा. पाहुणा उंबऱ्याशी चपला काढायला थांबतो ना, तसा. मग आत. त्या थांबण्यात माझा जीव टांगणीला लागायचा, आणि तो आत आला की मी मोठ्यानं ओरडायचे, "आला!"

"कोण आलं गं?" वडील झाडावरून विचारायचे.

कोण, ते मला तरी कुठे माहीत होतं? रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचं नाव मोठं, कवीचं लहान, संगीतकाराचं त्याहून लहान, आणि तळाशी दोनच शब्द, 'साथ : वाद्यवृंद'. चौथीत असताना माझी पक्की समजूत होती की वाद्यवृंद हे त्या गिटारवाल्याचं नाव. शाळेत बाईंनी विचारलं, मोठेपणी कोणासारखं व्हायचंय? कुणी डॉक्टर म्हणालं, कुणी फौजदार. मी म्हणाले, वाद्यवृंदासारखं. बाई हसून म्हणाल्या, "अख्ख्या?" त्या का हसल्या ते मला दोन वर्षांनी कळलं आणि मी दोन वर्षं उशिरा चिडले.

पुढे मीही शिक्षिका झाले, तीस वर्षं पोरांची पाठांतरं ऐकली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वडील जाताना ट्रंक माझ्या नावानं ठेवून गेले होते. निवृत्त झाल्यावर पहिलं काम मी हे केलं की एक यंत्र आणून त्या सगळ्या रेकॉर्डी मोबाइलवर उतरवून घेतल्या. त्याची गिटार असलेली साठ-सत्तर गाणी निघाली. गाणारे निरनिराळे, कंपन्या निरनिराळ्या, हात एकच.

ऐकता ऐकता आणखी एक गोष्ट लक्षात आली. या गाण्यांचे सरळ दोन भाग पडत होते. आधीच्या गाण्यांत गिटारीचा आवाज लख्ख, पातळ. मग एका हळदीच्या गाण्यापासून तो एकदम जड झाला, जरा घोगरा, पोटातून आल्यासारखा. त्यानंतरच्या सगळ्या गाण्यांत तोच जड आवाज. मला हा दुसरा आवाज जास्त आवडायचा, इतका की ते हळदीचं गाणं लागलं की मी गॅस बंद करून उभी राहायचे. माणूस असा उगाच बदलत नाही, मी मनाशी म्हटलं. याच्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलंय. विचार करकरून मी निकाल लावला की त्याची बायको गेली असणार.

"तुला कसं कळलं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"ऐकू येतंय."

"मी गेलो तर तुझ्या आवाजात असा फरक पडेल का?"

"पडेल की. मोकळा होईल," मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात नारायणगावच्या एका लग्नात एक म्हातारे ढोलकीवाले भेटले. जुन्या काळी मुंबईला रेकॉर्डिंगला जायचे. मी त्यांना पंगतीतच गाठलं, मोबाइल कानाला लावला आणि विचारलं, ही गिटार कुणाची? त्यांनी जिलबी खाली ठेवली.

"हा तर आमचा इस्त्रीमास्तर! बेल्ह्याचा. बेल्ह्यात जा आन् इस्त्रीमास्तर कुठं ऱ्हातो म्हना, शेंबडं पोर बी सांगंल."

एवढं बोलून ते पुन्हा जिलबीकडे वळले. इस्त्रीमास्तर म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? रेकॉर्डिंगनं घर चालत नसेल, म्हणून बिचाऱ्याचं इस्त्रीचं दुकान असेल. बायको गेलेली, गिराइकांचे शर्ट समोर, हातात इस्त्री. माझे डोळे भरून आले.

दुसऱ्याच आठवड्यात मी बेल्ह्याला निघाले. घोडेगावाहून मंचर, मंचरहून नारायणगाव, तिथून आळेफाटा आणि पुढे बेल्हे, अशा चार गाड्या. नेमका बैलबाजाराचा दिवस होता. टेंपो, मोटारसायकली आणि शिंगं यांतून वाट काढत मी एकाला विचारलं, इस्त्रीमास्तर कुठे राहतात? त्यानं बोट दाखवलं. खरोखरच कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं आणि आत पन्नाशीचा एक माणूस लुगड्यावर पाणी शिंपडत होता. वयाचा हिशेब जुळत नव्हता, पण मला कुठली शुद्ध? मी त्याच्यासमोर हात जोडले.

"मास्तर, तुमच्यासाठी फार लांबून आले."

"काय, डाग ऱ्हायला का?" तो घाबरून म्हणाला.

"डाग कसला? तुमच्या हाताची जादू आहे. लहानपणापासून वेड आहे मला."

"इस्त्रीचं?"

"मग! ते तुमचं खालून येणं, जवळ येऊन थांबणं..." आणि मी चक्क त्या दुकानात, बाजाराच्या गर्दीत, हळदीच्या गाण्यातला गिटारीचा तुकडा तोंडानं म्हणून दाखवला. कुईं... कुईं. बाहेर एक बैल दचकला. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुकानाच्या मागच्या दाराकडे तोंड करून आपल्या आईला हाक मारली. अशा बाईशी एकट्यानं बोलणं त्याला धोक्याचं वाटलं असावं.

आई बाहेर आली आणि माझं सगळं ऐकून हसत सुटली. "आगं बया! त्ये इस्त्रीमास्तर पाह्यजेत व्हय तुमाला! कापडाची न्हाई वो, गिटारीची इस्त्री. मांडीवं गिटार घ्यायचे आन् लोखंड फिरवायचे, मागं-पुढं, मागं-पुढं. गावानं नावच पाडलं, इस्त्रीमास्तर."

"आता कुठे असतात?"

"त्ये? त्यास्नी गाव सोडून लई वर्सं झाली. सासुरवाडीला ऱ्हात्यात. तिकडं, डिंभ्याला."

डिंभे माझ्या घरापासून तासाभराच्या आत. चार गाड्या बदलून मी ज्याला शोधायला आले होते तो धरणाच्या काठी, माझ्या पाठीमागे बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल! त्या माउलीनं मला चहा पाजला आणि तिच्या लेकानं माझ्या ओढणीला फुकट इस्त्री करून दिली.

डिंभ्याला मी दोन दिवसांनी गेले. तिकडच्या गाड्यांचं काही खरं नसतं, म्हणून सकाळीच निघाले. गावाच्या टोकाला, धरणाचं पाणी दिसेल असं घर होतं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. हात पिठानं भरलेले.

"इस्त्रीमास्तर राहतात ना इथे?"

"ऱ्हात्यात की. मागं जाळं शिवत बसल्यात."

"आणि आपण त्यांच्या...?"

"बायकू."

मी आ वासून पाहत राहिले. साठ-सत्तर गाण्यांच्या आधारावर जिला मी पोहोचवून आले होते ती माझ्यापुढे पिठाचे हात घेऊन उभी होती.

"काय झालं वो? भूत बघितल्यावानी काय बघताय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, काही नाही मावशी, तुम्हाला बघून फार आनंद झाला. आणि तो खरोखरच झाला होता.

मास्तर मागच्या पडवीत बसले होते. शिडशिडीत, ऐंशीच्या जवळपासचे, मांडीवर मासे धरायचं जाळं. मी जयभीम केला, नाव-गाव सांगितलं आणि बोलण्यात वेळ न घालवता मोबाइलवर हळदीचं गाणं लावलं. त्यांची सुई जागच्या जागी थांबली. तो तुकडा आला. सूर खालून सरकत आला, थांबला, आत शिरला.

"पिन हाय ही," मास्तर म्हणाले.

"काय आहे?"

"पिन. ट्रकाची."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला हसू की रडू हेच कळेना. त्या हळदीच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला ते बेल्ह्याहून मुंबईला निघाले होते. आळेफाट्याला गाडी बदलायला उतरले तर पिशवीतली पोलादी कांडी गायब. आदल्या गाडीत पडली असणार. मुंबईची गाडी तर समोर उभी. आळेफाट्याला त्या वेळी आणखी काही मिळो न मिळो, गॅरेजं मात्र रांगेनं. त्यांनी पहिल्याच गॅरेजात शिरून मेस्त्रीला सांगितलं, वीतभरापेक्षा आखूड, गुळगुळीत, जड असं लोखंड द्या. मेस्त्रीनं भंगारातून ट्रकाची जुनी पिस्टन पिन उचलून हातावर ठेवली. बोटभर जाड, मधून पोकळ नळी. मास्तरांनी ती धोतराला पुसली आणि गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी त्या पिनीनं वाजवलं आणि संगीतकारानं उठून मिठी मारली.

"त्येच्या आदी मला कोन इचारत व्हतं?" मास्तर म्हणाले. "पिन आली आन् जो त्यो म्हनाया लागला, त्यो आवाज पाह्यजे. मंग पंधरा-ईस वर्सं तीच पिन. बाई, तुमी लांबून आलाव, खोटं कशाला सांगू? आवाज पिनीचा व्हता. मी आपला तिला हिंडवीत व्हतो."

"आणि ती पिन?"

त्यांनी हनुवटीनं धरणाकडे दाखवलं. रेकॉर्डिंगची कामं बंद पडली, सगळीकडे कीबोर्ड आला, तेव्हा हे इकडे येऊन राहिले. एके दिवशी जाळ्याला वजन कमी पडत होतं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं ती पिन बांधली. जाळं खाली कशात तरी अडकलं, दोर तुटला, आणि पिन डिंभ्याच्या तळाला. त्या दिवसापासून गिटार खुंटीवर.

"पुन्हा वाजवलीच नाही?"

"कशानं वाजवू? आवाज बुडाला की."

माझी फजिती पाहा. तीन वर्षं मी ज्या दुःखावर जीव टाकला ते ट्रकचा सुटा भाग निघालं होतं. पण मास्तर ते सांगताना हसत नव्हते, आणि मला माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त राग आला. एवढा हात असलेला माणूस स्वतःला पिनीचा हमाल म्हणवतो म्हणजे काय!

मावशी मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत हळूच म्हणाल्या, "रोज तिन्हीसांजंला बसत्यात आन् मांडीवं बोटं सरकवत्यात. हातात कायबी नसतं. मी म्हनते, घ्या की गिटार. तर म्हनत्यात, तुला काय कळतंय? बाई, तुमी शिकलेल्या. तुमी पटवा त्यास्नी. आसं रिकामं लोखंडाचं दुःख करीत माणूस जाऊ नये."

गाडीत बसले आणि मीच डळमळले. मलाही तर पिनीनंतरचीच गाणी जास्त आवडायची! मास्तर खरं बोलत असतील तर? मी लगेच कानाला मोबाइल लावला. पिनीआधीचं एक जुनं भीमगीत. लख्ख, पातळ आवाज. आणि दुसऱ्या कडव्याआधी, अगदी तसंच, सूर उंबऱ्याशी आला, थांबला, चपला काढल्या, आत गेला. हे गाणं वाजलं तेव्हा ती पिन कुठल्याशा ट्रकात बसून घाट चढत होती. मी भर गाडीत ओरडले, "आला!" कंडक्टर म्हणाला, "न्हाई बाई, घोडेगाव अजून लांब हाय."

पण कानानं पटवून मास्तर पटणारे नव्हते. म्हणून मी आळेफाट्याला गेले.

"कंच्या गाडीची पिन?" मेस्त्रीनं विचारलं.

"गिटारीची."

"हे कंचं मॉडेल? नवीन आलंय का?"

सगळं समजावून सांगितल्यावर त्यानं जुन्या पिनींचा डबाच माझ्यापुढे ओतला. मी एकेक उचलून पान्यावर वाजवून कानाशी नेऊ लागले. मेस्त्री म्हणाला, "बाई, लोकं झिजलेली पिन परत आनत्यात, तुमी झिजलेलीच शोधताय." सगळ्यांत जड, सगळ्यांत जुनी पिन मी घेतली. तिकडून पुण्याला जाऊन तारांचा नवा जोड आणला. ह्यांनी विचारलं, आता त्या माणसाला दत्तक घेणार आहेस का? मी म्हटलं, वयानं बसत नाही, नाहीतर घेतला असता.

पुन्हा डिंभ्याला गेले. तारा चढवायला मास्तरांनी आढेवेढे घेतले, पण पिन हातात देताच त्यांची बोटं तिच्याभोवती आपोआप मिटली. गिटार मांडीवर आली. मावशी दाराशी, मी पायरीवर. पहिले काही सूर कुरकुरले. मग हात सैल झाला आणि हळदीच्या गाण्याचा तो तुकडा निघाला. पण मास्तरांनी मान हलवली आणि पिन खाली ठेवली.

"ही ती न्हाई. बघा, म्हनलं न्हवतं का?"

तेव्हा मात्र माझ्यातली बाई जागी झाली. तीस वर्षं जिनं पट्टी न मारता वर्ग सांभाळला ती. "मास्तर, परीक्षा घेऊ," मी म्हणाले. "मी तुमच्याकडे पाठ करून बसते. मावशी तुमच्या हातात लोखंड देतील. कधी ही पिन, कधी दुसरं काहीतरी. तुम्ही तो एकच तुकडा वाजवायचा. आवाज पिनीचा असेल तर हातात पिन कधी आहे ते मला पाठमोरीलाही कळेल. माझा कान खोटा पडायचा नाही."

मास्तरांना गंमत वाटली. मावशींना त्याहून. त्या आत गेल्या आणि औषधाची काचेची बाटली आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या. हे दोन आणि पिन. मी धरणाकडे तोंड करून बसले.

पहिला तुकडा वाजला. मी ठणकावून सांगितलं, "बाटली!"

"पिन," मास्तर म्हणाले. मावशी खुदकन हसल्या.

दुसरा. "बत्ता."

"बाटली हाय, बाई." आता मास्तरही हसत होते. "कान धुऊन या घरी जाऊन."

माझा अख्खा तोरा पायरीवर सांडला होता. तिसऱ्यांदा मावशींनी बराच वेळ लावला. मग सुरू झालं आणि मला पहिल्या सुरातच कळलं. जड, घोगरा, पोटातून आलेला. खालून सरकत आला, जवळ आला, थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं आता येत नाही. आणि मग आत.

"आला!" मी ओरडले. "पिन! हीच! हाच तो आवाज, अगदी तोच!" डोळे पुसत मी वळले.

मास्तरांच्या हातात बत्ता होता. त्याला लसणाचं साल चिकटलेलं होतं.

मास्तरांनी बत्ता डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा करून पाहिला. मग नाकाशी नेला. "लसूण," ते म्हणाले.

"सकाळी चटणी वाटली," मावशी म्हणाल्या.

"मास्तर," मी म्हणाले, "मी तिन्ही वेळा नापास झाले. लोखंड मला एकदाही ओळखता आलं नाही. पण पिन असो, बाटली असो, उंबऱ्याशी थांबून चपला कोण काढत होतं? बत्ता?"

खाली मान घालून मास्तरांनी बत्ता पुन्हा तारांवर ठेवला आणि तुकडा सोडून अख्खं गाणं सुरू केलं, पहिल्यापासून. मग दुसरं. मग माझ्या साठ-सत्तरांतलं ते जुनं भीमगीत, पिनीच्या आधीचं. ते वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते म्हणाले, लसणामुळं. एक गाडी गेली. मी उठले नाही. मावशींनी तव्यावर भाकरी टाकली आणि आतून म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी हेच सांगतीया. बायकूला काय कळतंय!" मी पायरीवर बसून हसत होते, रडत होते, आणि दर दोन मिनिटांनी न चुकता "आला!" म्हणत होते. मास्तरही शेवटी शेवटी मुद्दाम जास्त वेळ थांबायला लागले, माझा जीव खालीवर करायला.

मग मी त्यांना वाद्यवृंदाची गोष्ट सांगितली. चौथीतल्या मला कोण व्हायचं होतं ते. ते इतके हसले की बत्ता हातातून सुटला आणि गिटारीवर धाडकन आदळला.

"पन खरं सांगू का बाई? कव्हरावर त्येवढंच माझं नाव," ते म्हणाले.

दुसऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी चपला घातल्या. मास्तर पडवीतून उठून दारापर्यंत आले. एका हातात बत्ता होता, तो त्यांनी सोडला नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी पिन माझ्या पिशवीत टाकली.

"ही घिऊन जा. आळेफाट्याला त्या मेस्त्रीला परत द्या," ते म्हणाले. "कुनाचा तरी ट्रक खोळंबला आसंल."